५०० वर्षांपूर्वी बाजारात स्वतःचाच डुप्लिकेट माल दिसला, आणि या चित्रकाराने आपलं नाव वाचवण्यासाठी लढाई उभी केली

साल १५१२. जानेवारीचे पहिले दिवस. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात नगर परिषदेच्या इमारतीखाली एक परगावचा माणूस चित्रं विकायला बसला होता. कागदावर छापलेली चित्रं. त्यातल्या काहींच्या कोपऱ्यात एक खूण होती. रोमन लिपीतला रुंद पायांचा ए, आणि त्याच्या दोन पायांच्या मध्ये बसलेला छोटा डी.

ही खूण कुणाची हे शहरात सगळ्यांना माहीत होतं. ज्याची खूण होती तो माणूस त्याच शहरात, काही मिनिटांच्या अंतरावर राहात होता. आणि ही चित्रं त्याच्या वर्कशॉपमधून बाहेर पडलेली नव्हती.

म्हणजे मालकाच्या दारात बसून त्याच्याच नावाने डुप्लिकेट माल विकायचा प्रकार सुरू होता.

प्रकरण नगर परिषदेपर्यंत गेलं. ३ जानेवारीला परिषदेने निर्णय दिला. या माणसाने चित्रांवरच्या त्या खोट्या खुणा काढून टाकाव्यात, आणि तशी चित्रं इथं विकू नयेत. ऐकलं नाही तर सगळी चित्रं नकली माल म्हणून जप्त करावीत.

आता यातली गंमत बघा. परिषदेने चित्रांची नक्कल करण्याबद्दल एक शब्दही काढला नाही. आक्षेप होता तो खुणेवर. चित्र कुणासारखंही काढ, पण दुसऱ्याचं नाव लावून गिऱ्हाइकाला फसवू नकोस, एवढंच परिषदेचं म्हणणं होतं.

आज आपण ज्याला ट्रेडमार्क म्हणतो, त्यामागचा विचार हाच आहे. आणि ज्याच्या खुणेमुळे हे प्रकरण उभं राहिलं तो माणूस म्हणजे आल्ब्रेख्त ड्यूरर. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या चित्रकारांपैकी एक. पण आज आपण त्याची गोष्ट चित्रकार म्हणून नाही, तर घरच्या माणसांना हाताशी धरून छोटा धंदा चालवणारा माणूस म्हणून बघणार आहोत.

सोनाराचा पोरगा

ड्यूररचा जन्म २१ मे १४७१ चा, न्यूरेंबर्गचाच. वडिलांचं नावही आल्ब्रेख्त. ते मूळचे हंगेरीचे आणि धंद्याने सोनार. त्यांच्या गावाचं नाव आयतोश. हंगेरियन भाषेत आयतो म्हणजे दार. जर्मनीत आल्यावर त्याचं जर्मन रूप झालं ट्यूरर, आणि त्याचंच पुढे ड्यूरर. थोडक्यात काय तर आडनाव दरवाजे. घराण्याच्या मानचिन्हावरही उघडं दार होतं.

घरात १८ मुलं जन्माला आली. त्यातली मोठी होऊन जगली फक्त तीन.

पोरगा आधी वडिलांच्या हाताखाली सोनारकाम शिकला. धातूवर बारीक रेघ कशी ओढायची हे तिथं हातात बसलं. पण त्याला चित्रं काढायची होती. वडिलांना वाईट वाटलं, कारण पोरावर घेतलेली मेहनत वाया जाणार होती. तरी त्यांनी १४८६ मध्ये त्याला मिखाएल वोल्गेमुट या चित्रकाराकडे उमेदवारीला पाठवलं.

इथं आणखी एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. ड्यूररच्या बारशाला धर्मपिता म्हणून उभा राहिलेला आंटोन कोबर्गर. हाही आधी सोनार होता, पण नंतर त्याने छपाईचा धंदा सुरू केला आणि तो जर्मनीतल्या सर्वात मोठ्या प्रकाशकांपैकी एक झाला. वोल्गेमुटच्या वर्कशॉपमधून त्याच्या पुस्तकांसाठी चित्रांचे लाकडी ठसे तयार व्हायचे.

म्हणजे चित्रकला, छपाई आणि विक्री, या तिन्ही गोष्टी ड्यूररने लहान वयात जवळून पाहिल्या होत्या.

एक चित्र विकायचं की हजार?

त्या काळी चित्रकाराचा धंदा ऑर्डरवर चालायचा. एखादा श्रीमंत माणूस किंवा चर्च काम द्यायचं, चित्रकार महिनोन्महिने राबायचा, आणि पैसे हातात पडेपर्यंत वाट बघायचा. एक चित्र, एक गिऱ्हाईक.

छापील चित्राचं गणित वेगळं होतं. लाकडाच्या फळीवर किंवा तांब्याच्या पत्र्यावर चित्र एकदा कोरलं की त्याच्या शेकडो प्रती निघतात. प्रत्येक प्रत स्वस्त, त्यामुळे साधा माणूसही विकत घेऊ शकतो. गिऱ्हाईक शोधायला राजवाड्यात जायची गरज नाही, जत्रेत दुकान मांडलं तरी चालतं.

७ जुलै १४९४ ला ड्यूररचं लग्न झालं. मुलगी होती आग्नेस फ्राय, धातूकाम करणाऱ्या हान्स फ्रायची लेक. हुंडा मिळाला २०० गुल्डन. लग्नानंतर काही महिन्यांतच ड्यूरर इटलीला गेला. १४९५ मध्ये परत आला आणि न्यूरेंबर्गमध्ये स्वतःचं वर्कशॉप थाटलं.

साधारण याच वर्षांत त्याच्या छापील चित्रांवर ती एडीची खूण दिसायला लागते.

चित्रावर खूण टाकणारा तो पहिला नव्हता. त्याच्या आधीच्या पिढीतला मार्टिन शोनगावर हा कलाकारही आपल्या छापील चित्रांवर आद्याक्षरं टाकायचा. ड्यूरर त्याला भेटायला कोलमार गावापर्यंत गेला होता, पण तो पोचायच्या आधीच शोनगावर वारला होता.

ड्यूररने खुणेच्या बाबतीत वेगळं काय केलं? तर त्याने ती कधी सोडली नाही. अक्षरांची ठेवण बसल्यावर ती वर्षानुवर्षं तशीच राहिली. कधी दगडावर कोरल्यासारखी, कधी झाडाला टांगलेल्या पाटीवर, कधी जमिनीवर पडलेल्या फळीवर. ज्याला वाचता येत नाही अशा माणसालाही ती लांबून ओळखू यायची. बहुतेक गिऱ्हाइकं चित्रकाराला कधीच भेटणार नव्हती. त्यांच्यासाठी खात्री म्हणजे ती खूण.

१४९८ मध्ये त्याने बायबलमधल्या जगाच्या अंताच्या प्रसंगांवर १५ मोठ्या चित्रांचं पुस्तक काढलं. त्याचं नाव अपोकॅलिप्स. प्रकाशक कोण? तो स्वतः. चित्रकाराने स्वतःच पुस्तक छापून विकायला काढणं त्या काळात फार वेगळं होतं. पुस्तक गाजलं आणि वयाच्या २७ व्या वर्षी ड्यूररचं नाव युरोपभर झालं.

गल्ल्यावर आई आणि बायको

नाव झालं, पण माल विकणार कोण?

१४९७ चा एक करार आजही माहीत आहे. ड्यूररने आठवड्याच्या पगारावर एक माणूस ठेवला. त्याचं काम गावोगाव आणि देशोदेशी फिरून, मिळेल तितक्या चांगल्या भावाला चित्रं विकणं. आजच्या भाषेत फिरता सेल्समन. यात फटकेही बसले. ड्यूररने आपल्या नोंदवहीत लिहून ठेवलंय की त्याचा एक माणूस रोममध्ये मेला आणि त्याच्याबरोबर मालही बुडाला.

पण या धंद्याचा खरा कणा होत्या घरातल्या दोन बायका. आग्नेस फ्रँकफर्टच्या मोठ्या जत्रेत जाऊन चित्रं विकायची. ड्यूररची आई बार्बारा न्यूरेंबर्गच्या बाजारात बसायची. १५०५ ते १५०७ या काळात ड्यूरर व्हेनिसला होता, तेव्हा इकडे धंदा या दोघींनी सांभाळला. ड्यूररने तिथून पाठवलेल्या पत्रांमध्ये विक्रीची विचारपूस आहे, उसने पैसे कुणाला परत करायचे याचे निरोप आहेत.

घरातून मसाले, साड्या, केक किंवा दिवाळीचा फराळ विकणाऱ्या कुठल्याही कुटुंबाला हे चित्र ओळखीचं वाटेल. एकाच्या हाताला गुण असतो, पण हिशोब, पॅकिंग आणि गिऱ्हाईक घरातले बाकीचे बघतात. त्यामुळे नाव चोरीला गेलं की नुकसान एकट्या कलाकाराचं होत नाही, ते सगळ्या घराचं होतं.

आणि मग व्हेनिसमध्ये नक्कल निघाली

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. त्या काळी चित्राची नक्कल करणं हा गुन्हा नव्हता. उलट शिकायची पद्धतच ती होती. खुद्द ड्यूररने तरुणपणी मांतेन्या या इटालियन चित्रकाराच्या छापील चित्रांवरून हात बसवला होता. इस्राएल फान मेकेनेम नावाचा जर्मन कारागीर तर शोनगावरच्या चित्रांच्या नकला करून, त्यावर स्वतःचं नाव टाकून राजरोस विकायचा.

व्हेनिसमध्ये असताना ड्यूररने मित्राला लिहिलं होतं की इथले चित्रकार माझं काम चर्चमध्ये आणि दिसेल तिथं उतरवून घेतात, आणि वर त्यालाच नावं ठेवतात. याच गावात चित्रकारांच्या संघटनेने त्याला अधिकाऱ्यांपुढे खेचलं होतं आणि त्याला पैसे भरावे लागले होते. म्हणजे बाहेरचा म्हणून त्याला नियम लागू होते, पण त्याच्या कामाला संरक्षण नव्हतं.

मात्र मार्कान्तोनियो रायमोंदी या तरुण इटालियन कारागिराने केलेली गोष्ट या सगळ्याच्या पुढची होती.

ड्यूररने मेरीच्या आयुष्यावरची १७ चित्रं लाकडी ठशांवरून छापली होती आणि ती सुटी सुटी विकली जात होती. रायमोंदीने ही सगळी १७ चित्रं तांब्याच्या पत्र्यावर उतरवली. लाकडावरची रेघ जाड असते, तांब्यावरची बारीक. तरी त्याने तांब्यावर कोरताना लाकडाच्या रेघेचा हुबेहूब भास आणला. आणि त्याबरोबर कोपऱ्यातली एडीची खूणही उतरवली.

शेवटच्या चित्रात रायमोंदीने स्वतःची आणि व्हेनिसच्या विक्रेत्याची खूणही टाकली आहे. त्यामुळे त्याचा हेतू फसवण्याचाच होता का, यावर आजही वाद आहेत. पण ज्याने त्यातलं एकच सुटं चित्र विकत घेतलं, त्याला ते ड्यूररचंच वाटणार होतं.

पुढे काय झालं ते जॉर्जो व्हसारीने लिहून ठेवलंय. इटालियन चित्रकारांची चरित्रं लिहिणारा हाच तो व्हसारी. त्याच्या सांगण्याप्रमाणे नकली चित्रं हातात पडल्यावर ड्यूरर भडकला, तडक व्हेनिसला गेला आणि तिथल्या सरकारकडे दाद मागितली. त्याला एवढंच मिळालं की रायमोंदीने यापुढे ड्यूररचं नाव आणि खूण वापरायची नाही. चित्रं उतरवायला मनाई झाली नाही.

ही गोष्ट जगभर पहिला कॉपीराइट खटला म्हणून सांगितली जाते. पण जरा थांबा. व्हसारीने ती घटनेनंतर सुमारे ६० वर्षांनी लिहिली. त्यात त्याने चित्रमालिकेचं नावही चुकवलंय. व्हेनिसच्या दप्तरात असा निकाल सापडलेला नाही, आणि ड्यूररच्या उरलेल्या पत्रांतही या खटल्याचा उल्लेख नाही. त्यामुळे खटला जसाच्या तसा घडला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. एक मात्र खरं, की रायमोंदीने नंतर ड्यूररच्या आणखी एका मालिकेच्या नकला केल्या, तेव्हा त्यात एडीची खूण टाकली नाही.

थेट बादशहाचा शिक्का

व्हेनिसमध्ये जे काही झालं असेल ते असो, पण ड्यूररने पुढे काय केलं याचे कागद आहेत.

१५११ मध्ये त्याने आपली तीन मोठी चित्रपुस्तकं एकत्र बाजारात आणली. त्यात अपोकॅलिप्सची नवी आवृत्ती होती आणि मेरीच्या आयुष्याचं पुस्तकही होतं. शेवटच्या पानावर त्याने लॅटिनमध्ये इशारा छापला. दुसऱ्याच्या मेहनतीवर आणि बुद्धीवर डल्ला मारणाऱ्यांनी सावध राहावं. बादशहा मॅक्सिमिलियनने आम्हाला हक्क दिलेला आहे. खोट्या ठशांवरून ही चित्रं कुणी छापली किंवा अशी छापलेली चित्रं साम्राज्यात विकली, तर त्याचा माल जप्त होईल आणि त्याला जबर शिक्षा भोगावी लागेल, असा त्याचा सूर होता.

म्हणजे इथं त्याने एक पाऊल पुढे टाकलं. आता खुणेबरोबर चित्रांनाही संरक्षण मिळालं, आणि तेही बनवणारा आणि विकणारा अशा दोघांच्या विरोधात.

आणि दोनच महिन्यांत, किंवा फार तर वर्षभरात, तो परगावचा फेरीवाला नगर परिषदेखाली येऊन बसला. बादशहाचा धाक त्याला पुरला नाही. कारण कागदावरचा हक्क आपोआप काही करत नाही. तो बजावून घ्यायला स्थानिक पातळीवर कुणाकडे तरी जावं लागतं. ड्यूररचं प्रकरण त्याच्याच शहराच्या परिषदेपुढे आलं आणि परिषदेने लगेच हुकूम काढला.

अर्थात या हुकुमाला हद्द होती. न्यूरेंबर्गच्या तटाबाहेर तो चालत नव्हता. तो फेरीवाला पुढच्या गावात जाऊन तोच माल विकू शकत होता.

गोव्याहून निघालेला गेंडा

ड्यूररच्या नावाला बाजारात किती वजन होतं हे समजून घ्यायचं तर एका गेंड्याची गोष्ट बघावी लागेल. आणि ती सुरू होते आपल्याकडे.

गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा दुसरा याने पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो दे आल्बुकर्कला एक जिवंत गेंडा भेट दिला. आल्बुकर्कने तो आपल्या राजाकडे पाठवून दिला. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाज निघालं आणि २० मे ला लिस्बनला पोचलं. युरोपात कित्येक शतकांत कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. बघायला झुंबड उडाली. तिथल्या लोकांनी त्याला नावही गेंडा यावरूनच दिलं, गंडा.

लिस्बनहून एक रेखाटन आणि वर्णन न्यूरेंबर्गला पोचलं. ड्यूररने गेंडा डोळ्यांनी पाहिला नाही. त्या माहितीवर त्याने लाकडी ठसा बनवला. त्यात गेंड्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत आणि पाठीवर एक जास्तीचं छोटं शिंग आहे. म्हणजे चित्र चुकीचं आहे. पण कोपऱ्यात १५१५ साल आणि एडीची खूण आहे.

त्याच वर्षी आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायर या चित्रकारानेही गेंड्याचा ठसा काढला होता. तो खऱ्या प्राण्याच्या जास्त जवळचा होता. आज त्याची एकच प्रत शिल्लक आहे. ड्यूररचा गेंडा मात्र शतकानुशतकं छापला गेला, पुस्तकांत उतरवला गेला, आणि युरोपातल्या लोकांना अठराव्या शतकापर्यंत गेंडा म्हटलं की तोच दिसायचा.

यात चित्राची ताकद होतीच, पण नावाचीही होती. आणि म्हणूनच ते नाव चोरण्यात लोकांना फायदा दिसत होता.

तो गेला, मग आग्नेस लढली

१५२०-२१ मध्ये ड्यूरर आग्नेसला घेऊन नेदरलँड्सला गेला. मॅक्सिमिलियनने त्याला वर्षाला १०० गुल्डनचं मानधन लावून दिलं होतं. बादशहा वारल्यावर ते नव्या बादशहाकडून कायम करून घ्यायचं होतं. बरोबर चित्रांचे गठ्ठे होते. काही विकली, काही भेट दिली, काहींच्या बदल्यात वस्तू घेतल्या. रोजचा हिशोब त्याने वहीत लिहिला आहे. मानधनाचं काम झालं, पण याच प्रवासात त्याला तापाचं दुखणं लागलं आणि ते पुढे सुटलं नाही.

६ एप्रिल १५२८ ला ड्यूरर वारला. मूलबाळ नव्हतं. माणसाच्या शरीराच्या प्रमाणांवर त्याने वर्षानुवर्षं मेहनत करून लिहिलेलं पुस्तक अजून छापून व्हायचं होतं.

काही महिने होत नाहीत तोवर नवी बातमी आली. हिएरोनिमस आंद्रे आणि झेबाल्ट बेहाम हे दोघे प्रमाणांवरचं एक पुस्तक घाईने बाजारात आणायच्या तयारीत होते. यातला आंद्रे तर ड्यूररचेच लाकडी ठसे कोरून देणारा कारागीर. म्हणजे घरातला माणूस. पुस्तकातला मजकूर ड्यूररच्या कामावरून उचलला असल्याचा संशय होता. नगर परिषदेने पुन्हा हुकूम काढला. ड्यूररचं मूळ पुस्तक बाहेर येईपर्यंत यांनी काही छापायचं नाही. ऑक्टोबर १५२८ मध्ये आग्नेसने नवऱ्याचं पुस्तक प्रकाशित केलं.

एवढं करूनही आग्नेसच्या वाट्याला काय आलं? ड्यूररचा जवळचा मित्र पिर्कहायमर याने एका पत्रात लिहून टाकलं की याच बाईने पैशासाठी नवऱ्याला राबवून राबवून मारलं. ते पत्र इतकं गाजलं की शेकडो वर्षं आग्नेस कजाग बायको म्हणूनच ओळखली गेली. अलीकडच्या अभ्यासकांना हा आरोप एकतर्फी वाटतो. जत्रेत बसून माल विकणारी, हिशोब ठेवणारी आणि नवऱ्यामागे त्याचं नाव जपणारी बाई लोकांना लोभी वाटली, एवढाच त्याचा अर्थ. ती १५३९ मध्ये वारली.

त्यानंतर खूण सांभाळायला कुणीच उरलं नाही. सुमारे १६०० च्या आसपास ड्यूररच्या चित्रांना पुन्हा प्रचंड मागणी आली. राजेरजवाडे वाट्टेल ती किंमत मोजायला तयार होते. मग दुसऱ्यांच्या चित्रांवर एडीची खूण टाकून ती खपवण्याचा धंदा जोरात चालला. आजही संग्रहालयांमधल्या तज्ज्ञांना खरी आणि खोटी खूण वेगळी करत बसावं लागतं.

आपण यातून काय घ्यायचं?

ड्यूररला बादशहापर्यंत जावं लागलं. आपल्याकडे त्यासाठी ट्रेडमार्क कायदा, १९९९ आहे. पण बऱ्याच छोट्या व्यावसायिकांचा एक मोठा गैरसमज असतो. गुमास्ता काढला, उद्यम नोंदणी झाली, जीएसटी नंबर आला म्हणजे नाव आपलं झालं, असं त्यांना वाटतं. तसं नाही. ते धंदा करण्याचे आणि कराचे कागद आहेत. नावावर हक्क सांगायला सगळ्यात भक्कम आधार ट्रेडमार्क नोंदणीचा.

नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या वेबसाइटवर तसं नाव कुणी घेतलंय का हे फुकट तपासता येतं. वस्तू आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत, आपला माल ज्या वर्गात बसतो त्यात अर्ज करायचा. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एकटा व्यावसायिक, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,००० रुपये. तपासणीत अर्ज मान्य झाला की नाव सरकारी जर्नलमध्ये छापून येतं आणि चार महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतं. हरकत नसेल तर नोंदणी होते. ती १० वर्षं चालते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच लावायचा, आधी लावला तर तो गुन्हा आहे. तोपर्यंत टीएम लिहायला हरकत नाही.

नोंदणी नसेल तरी सगळं संपत नाही. दुसऱ्याच्या नावाखाली माल खपवणाऱ्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. पण तेव्हा आपलं नाव बाजारात आधीपासून प्रसिद्ध होतं, समोरच्याने लोकांची दिशाभूल केली आणि त्यातून नुकसान झालं किंवा होणार आहे, हे आपल्याला सिद्ध करावं लागतं. त्यासाठी जुनी बिलं, जाहिराती, पोस्ट आणि पॅकिंगचे नमुने जपून ठेवा.

आणि कुणी तुमच्या नावाचं, लोगोचं खोटं पेज काढून लोकांकडून ॲडव्हान्स घेत असेल, तर वाट बघू नका. आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, पेज रिपोर्ट करा, आणि तुमच्या खऱ्या पेजवरून गिऱ्हाइकांना सावध करा. ज्याचे पैसे गेले त्याने लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायची. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात जातात, जसा तो फेरीवाला पुढच्या गावी जाऊ शकत होता.

ड्यूररचं न्यूरेंबर्गमधलं घर आजही उभं आहे, आता तिथं संग्रहालय आहे. नक्कल पूर्णपणे थांबवणं त्यालाही जमलं नाही, बादशहा पाठीशी असूनसुद्धा. पण वर्षानुवर्षं एकच खूण लावली, ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बसवली आणि ती जपायची धडपड केली. म्हणून पाचशे वर्षांनंतरही ते दोन अक्षरं बघितली की लोक त्याचंच नाव घेतात.

तुमच्या ओळखीत कुणी छोटा धंदा चालवत असेल, तर त्यांना एकदा विचारा, नावाची नोंदणी केली का?